मार्गाच्या पानावरचा धडा: चढाईच्या ऑनलाइन मार्गदर्शिकांतल्या व्हिडिओंचं परीक्षण

चढाईच्या ऑनलाइन मार्गदर्शिकेत एखाद्या मार्गाच्या पानावर ‘वरचा अँकर सोडवून खाली कसं यायचं’ असा व्हिडिओ दिसला, की आधी एकच गोष्ट बघायची: व्हिडिओतला अँकर (माथ्यावर दोर अडकवायची पक्की जागा) आणि या मार्गाच्या माथ्यावरचा अँकर एकाच जातीचा आहे का? नसेल, तर व्हिडिओ कितीही स्वच्छ आणि कितीही मुरलेल्या प्रशिक्षकाचा असो, त्या पानावर तो चुकीच्या जागी आहे. या कसोटीवर सध्याच्या मार्गदर्शिका फार तर काठावर पास होतात.

बडोद्याहून चढाईला जाणाऱ्यांना हा प्रश्न जरा जास्तच लागू पडतो. पावागड पन्नासेक किलोमीटरवर आहे खरा, पण दोर लावून चढायचं तर बहुतेकांची वाट रात्रीच्या मुंबई गाडीने सह्याद्रीत जाते: नागफणी, तैलबैला, ढाकचा बहिरी. कुणी उत्तरेला इडरच्या ग्रॅनाइटवर जातं, कुणी चार सुट्ट्या जोडून बदामीच्या वालुकाश्मावर. प्रत्येक ठिकाणचा दगड वेगळा आणि दगडात ठोकलेलं सामानही वेगळं. रीतसर शिक्षण अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत झालेलं असलं, तरी दोन मोसमांच्या मध्ये उजळणी होते ती फोनवर. म्हणून मार्गाची माहिती आणि तंत्राचा धडा एकाच पानावर मिळणं ही सोय मोठी आहे, आणि चुकली तर महागात पडणारी आहे.

आधी मार्गदर्शिकांकडे पाहू. माउंटन प्रोजेक्ट ही अमेरिकी सेवा, २०२० पासून ऑनएक्स या कंपनीच्या मालकीची. मार्गाच्या पानाची तिची मांडणी उत्तम आहे: वर्णन, स्थान आणि संरक्षण असे तीन भाग. संरक्षणाच्या भागात किती बोल्ट (दगडात भोक पाडून कायमचे बसवलेले खिळे), कोणत्या मापाचं गिअर (चढताना भेगांत अडकवायची साधनं), माथ्यावर काय, हे दोन ओळींत येतं. अ‍ॅपमध्ये हवा तो भाग उतरवून नेटशिवाय वाचता येतो. पण शिकवणीच्या व्हिडिओला या मांडणीत स्वतःचं घर नाही. कुणीतरी वर्णनात किंवा खालच्या प्रतिक्रियांत दुवा चिकटवतो, आणि तो धडा आहे की नुसती चढाईची चित्रफीत आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय भारताच्या नोंदी अमेरिकेच्या मानाने फारच विरळ आहेत.

द क्रॅग ही मूळची ऑस्ट्रेलियातली सेवा. देश, प्रदेश, कडा, कड्याचा भाग, मार्ग अशी उतरंड, आणि खातं उघडणाऱ्या कुणालाही भर घालता येते. हिच्यात एक गोष्ट फार नेटकी आहे. प्रवेशाबद्दलच्या सूचना वरच्या पातळीवर एकदा लिहिल्या की खालच्या सगळ्या पानांवर ‘वरून आलेल्या’ म्हणून दिसतात. एखाद्या कड्यावर मधमाश्यांमुळे ठरावीक महिने चढायचं नसेल, तर ती ओळ प्रत्येक मार्गावर वेगळी लिहावी लागत नाही. शिकवणीच्या व्हिडिओंनाही नेमकी हीच रचना हवी. कड्याच्या पातळीवर ‘इथे माथ्यावर दोन बोल्ट आणि जोडकड्या (स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या) असतात, त्यांतून दोर असा ओवा’ असा एक व्हिडिओ, आणि ज्या मार्गावर तसं नाही त्या मार्गावर ठळक ‘हा धडा इथे लागू नाही’. आज मात्र दुवे पडतात ते सुट्या मार्गांवर, लावणाऱ्याच्या मर्जीने.

काया या अ‍ॅपचा जीव व्हिडिओतच आहे. मार्गागणिक वापरणाऱ्यांनी टाकलेल्या छोट्या क्लिपा, बहुतेक बोल्डरिंगच्या, म्हणजे बुटक्या कातळांवरच्या बिनदोराच्या चढाईच्या. कोणता हात कुठे, टाच कुठे लावायची, हे बघायला झकास. पण ही चढाईची उकल झाली, शिकवण नव्हे. मार्ग पहिल्याच झटक्यात, काही न बघता चढायची ज्यांना हौस आहे त्यांनी तर अशी क्लिप उघडूच नये. उकल आणि शिकवण यांची सरमिसळ हा या सगळ्या सेवांचा समान दोष आहे. एकाच यादीत वर ‘अवघड टप्पा असा काढा’ आणि खाली ‘दोर असा ओवा’. पहिलं चुकलं तर माणूस दोरावर लटकतो, दुसरं चुकलं तर दोरच उरत नाही.

आता अँकर सोडवण्याकडे, कारण सगळ्यात जास्त व्हिडिओ याचेच असतात आणि गोंधळही इथेच होतो.

रूढ धडा असा असतो. माथ्यावर पोचलेला चढाईकर दोन वेगळ्या स्लिंगांनी (पट्टीच्या फासांनी) दोन्ही बोल्टना स्वतःला अडकवतो आणि स्क्रूगेट (स्क्रूने बंद होणारा कॅरॅबिनर) फिरवून बंद करतो. हार्नेसजवळचा थोडा दोर वर ओढून त्याचा दुहेरी पेड दोन्ही कड्यांतून ओवतो. त्या पेडात आठाची गाठ मारून ती स्क्रूगेटने बिले लूपमध्ये, म्हणजे हार्नेसच्या पुढच्या भार घेणाऱ्या फासात, अडकवतो. मग बिलेअरला (खालून दोर सांभाळणाऱ्या साथीदाराला) दोर ताणायला सांगतो, नव्या गाठीवर वजन टाकून बघतो, आणि त्यानंतरच हार्नेसची मूळ गाठ सोडतो. मोकळा शेंडा कड्यांतून ओढून घेतो, स्लिंगा काढतो, खाली येतो. सुंदर पद्धत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माणूस एकदाही दोरापासून सुटत नाही, आणि दोर हातातून निसटून खाली जाण्याचीही भीती नाही.

पण ही पद्धत कडीच्या आतल्या मोकळ्या जागेवर चालते. ९.८ मिलिमीटरचा दोर दुहेरी केला की जवळपास २० मिलिमीटर होतो. जोडकडी लहान असेल, किंवा साखळीचा शेवटचा दुवाच असेल, तर पेड आत शिरतच नाही. मग दुसरी पद्धत लागते: आधी दोराचा एक पेड गाठ मारून बिले लूपला अडकवायचा, म्हणजे दोर खाली पडणार नाही, नंतर मूळ गाठ सोडायची, शेंडा कड्यांतून ओवायचा, हार्नेसला पुन्हा आठाची गाठ मारायची, मग ती आधाराची गाठ काढायची, बिलेअरकडून दोर ताणून वजन टाकून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी स्लिंगा काढायच्या. यात मधला काही वेळ सगळा भार स्लिंगांवर असतो. ज्याने फक्त पहिला व्हिडिओ पाहिलाय तो वीस मीटर उंचीवर, लहान कडीसमोर, दुसरी पद्धत मनाने जुळवायला लागतो. मार्गदर्शिकेत ‘कडीतून दुहेरी दोर जातो’ किंवा ‘जात नाही’ एवढे शब्द असते, तर हा प्रसंग टळतो. कुठल्याच मोठ्या मार्गदर्शिकेत या माहितीला वेगळा रकाना नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच स्पोर्ट मार्गांवर (आधीच बोल्ट बसवलेल्या मार्गांवर) तर ओवायचं कामच नसतं. माथ्यावर पोलादी हुक असतात, दोर त्यांत टाकायचा आणि उतरायचं. तिथले व्हिडिओ बघून आलेला माणूस बदामीत साखळी बघून बुचकळ्यात पडतो, आणि सह्याद्रीत तर पुष्कळदा कडीच नसते. सह्याद्रीच्या कित्येक सुळक्यांवर माथ्यावर जुना एकुलता बोल्ट, एखादा गंजका पिटॉन (भेगेत ठोकलेला लोखंडी खिळा), किंवा दगडाच्या शिंगाभोवती आधीच्या चमूंनी सोडलेल्या, उन्हाने रंग उडालेल्या स्लिंगांचा झुपका सापडतो. तिथे ‘बिलेअरने खाली सोडणं’ (लोअर) हा धडा सरळ जीवघेणा आहे. कडीतून दोर भाराखाली सरकला तर धातू थोडा झिजतो. स्लिंगेतून सरकला तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळतं आणि स्लिंग कापली जाते. रॅपलमध्ये, म्हणजे अँकरला लावलेल्या दोरावरून स्वतः उतरताना, हा धोका नसतो, कारण भार असताना दोर अँकरवर स्थिर राहतो, सरकतं ते डिसेंडर (हार्नेसला लावलेलं उतरायचं उपकरण). म्हणून स्लिंगांच्या अँकरवर फक्त रॅपल, तेही नवी स्लिंग आणि कायमची सोडायची कडी किंवा कॅरॅबिनर लावून. मार्गदर्शिकेने स्लिंगांचा अँकर असलेल्या पानावर ‘लोअर’चा व्हिडिओ लावू देणं हा किरकोळ दोष मानता येणार नाही.

व्हिडिओत न दिसणारा दुसरा माणूस म्हणजे बिलेअर. कॅमेरा माथ्यावर असतो, खाली काय चाललंय ते चौकटीत येत नाही. वरचा ‘पोचलो’ म्हणतो, खालच्याला वाटतं आता हा रॅपल करून येणार, तो बिले काढतो. वरचा मात्र ‘खाली सोडेल’ म्हणून मागे झुकतो. ‘लोअर’ की ‘रॅपल’, हे जमिनीवर असतानाच ठरवायचं आणि एकमेकांकडून वदवून घ्यायचं. ज्या व्हिडिओत हे वाक्य नाही त्याचा एक गुण आम्ही कापतो.

उपकरणांचीही तीच कथा. परदेशी धडे ट्यूब किंवा ग्रिग्री या बिलेच्या साधनांवर असतात. आपल्याकडे पुष्कळ चमूंच्या पिशवीत अजून फिगर ऑफ एट (इंग्रजी 8 च्या आकाराचं डिसेंडर) असतो, आणि रॅपलला तोच वापरला जातो. त्याचे दोन त्रास ट्यूबवरच्या धड्यात येणारच नाहीत. एक, तो दोराला पीळ देतो. दोन-तीन रॅपलनंतर दोराची कडबोळी होते आणि ओढताना ती अडते. दुसरा जास्त गंभीर. कड्याच्या काठावरून उतरताना क्षणभर भार सुटला, तर आठाच्या मानेवरचा पेड वर सरकून मोठ्या वेटोळ्याभोवती फास बनतो आणि डिसेंडर जाम होतो. प्रुसिकवर (दोराला घट्ट धरणाऱ्या दोरीच्या गाठीवर) भार घेऊनच तो सोडवता येतो. काठ ओलांडताना दोर ताणलेलाच ठेवायचा. कान असलेला आठ हा प्रकार बराचसा टाळतो.

रॅपल करताना डिसेंडरखाली लावायच्या ऑटोब्लॉकच्या (हात सुटला तर दोर धरणाऱ्या गाठीच्या) व्हिडिओंत बहुतेकदा दोरीची लांबी सांगतच नाहीत. साधारण दीड मीटरची, ६ मिलिमीटरची दोरी घेऊन डबल फिशरमन गाठीने लूप केला तर तो साठेक सेंटिमीटरचा होतो, आणि पायाच्या लूपला अडकवला तर कित्येकांना लांब पडतो. ऑटोब्लॉकची गाठ डिसेंडरला जाऊन टेकली की डिसेंडर तिला ढकलून मोकळी करतं, म्हणजे लावूनही न लावल्यासारखी. त्यासाठी डिसेंडर स्लिंगेने वर घ्यायचं, किंवा वळसे वाढवायचे. आणि दोन्ही दोरांच्या टोकांना थांबवणाऱ्या गाठी. ही एक गोष्ट व्हिडिओ छान दाखवतात, कारण ती दिसायला सोपी आहे.

आता व्हिडिओ म्हणून या वस्तूचे दोष, जे चढाईशी नाही, माध्यमाशी जोडलेले आहेत. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण कित्येकदा आरशासारखं उलटं येतं. ब्रेकचा हात उजवा असून डावा दिसतो, ग्रिग्रीत दोर भरायची दिशा उलटी दिसते. उपकरणावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर व्हिडिओ तिथेच बंद करायचा. संकलनात वेळ वाचवायला जे कापतात ते नेमकं तपासणीचं असतं: स्क्रूगेट फिरवणं, वजन टाकून बघणं. समोरून घेतलेल्या दृश्यात बिले लूपवर काय अडकवलंय ते हातांमागे दडतं. खांद्यावरून, चढाईकराच्याच नजरेने घेतलेलं दृश्य कधीही सरस.

यूट्यूबचा व्हिडिओ मार्गदर्शिकेच्या पानात बसवला की आणखी एक फाटका धागा दिसतो. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. चूक सुधारून नवा व्हिडिओ टाकला की त्याला नवा दुवा मिळतो. प्रशिक्षक सज्जनपणे जुन्या व्हिडिओखाली ‘सुधारित आवृत्ती इथे पाहा’ असं लिहितो. पण पानात बसवलेल्या चौकटीत ती टिपणी दिसत नाही, फक्त जुना व्हिडिओ चालू राहतो. तेव्हा पानावरचा व्हिडिओ नेहमी यूट्यूबवर उघडून, खालचा मजकूर वाचून मगच बघावा. आणि मार्गदर्शिकेत दुवा टाकणाऱ्याने ‘तपासला’ अशी तारीख लिहावी. तारीख नसलेला दुवा आम्ही नसल्यासारखाच धरतो.

नेटबद्दल थोडक्यात. सह्याद्रीच्या घळीत रेंज असेल यावर कसलाही बेत आखू नये. मार्गदर्शिकेचं पान उतरवून घेतलं तरी त्यातला बाहेरचा व्हिडिओ सोबत उतरत नाही, ही बाब पायथ्याशी गेल्यावर कळते. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये वेगळा उतरवावा लागतो, आणि तोही काही काळाने पुन्हा नेटला जोडल्याशिवाय चालत नाही, म्हणून गाडीत बसायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या वायफायवर उतरवावा. ४८० पिक्सेल पुरतात. गाठ त्यात स्पष्ट दिसते. चमूच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरवलेल्या प्रतीत मात्र दर्जा इतका पडू शकतो की दोराचे दोन पेड एकमेकांत मिसळतात, आणि ती कुठून आली, कुणी केली, हेही हरवतं. फाइल नव्हे, दुवा पाठवावा.

या सगळ्यापेक्षा जास्त भरवशाची एक जुनाट वाटणारी गोष्ट आहे: पेट्झल कंपनीच्या संकेतस्थळावरची तंत्राची रेखाटनं. फुकट आहेत, पायरीगणिक एक चित्र, चूक पद्धतीवर इशाऱ्याची खूण. कागदावर छापून टोपीच्या आत ठेवता येतात, बॅटरी लागत नाही, आणि चित्र हवं तितका वेळ समोर थांबून राहतं. दोर कोणत्या दिशेने सरकतो, वजन टाकल्यावर गाठ कशी बसते, हे मात्र चित्रात कळत नाही. तिथे व्हिडिओच हवा. दोन्ही मिळून वापरणाऱ्याला सर्वांत जास्त फायदा होतो. आमचे गुण असे: माउंटन प्रोजेक्टला पानाच्या मांडणीसाठी पाचपैकी चार, व्हिडिओच्या सोयीसाठी दोन. द क्रॅगला उतरंडीसाठी चार, व्हिडिओसाठी अडीच. कायाला उकलीसाठी चार, शिकवणीसाठी गुण देण्याचा प्रश्नच नाही. पेट्झलच्या चित्रांना साडेचार; अर्धा कापला कारण त्यातलं जवळजवळ सगळं सामान त्यांचंच असतं, आपल्या पिशवीतला जुना आठ तिथे क्वचितच भेटतो.

बडोद्यातून या सेवांत भर घालणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. मार्गाच्या पानावर व्हिडिओचा दुवा टाकताना वर मराठीत किंवा साध्या इंग्रजीत एवढं लिहा: माथ्यावर काय आहे, कडीतून दुहेरी दोर जातो की नाही, लोअर चालेल की फक्त रॅपल, ६० मीटरचा दोर पुरतो का. ६० मीटरच्या दोराने एका दोरावर जास्तीत जास्त ३० मीटरचं रॅपल होतं, आणि परदेशी व्हिडिओत ‘शंभर फूट’ म्हणतात ते तीस मीटरहून जरा जास्त भरतं. त्या थोड्याशा फरकात दोराचं टोक हवेत राहतं. व्हिडिओ उघडला नाही तरी या ओळींवर माणूस खाली उतरू शकला पाहिजे. दुवा टाकताना नेमक्या सेकंदापासून सुरू होणारा टाका. वीस मिनिटांच्या व्हिडिओत चौदाव्या मिनिटाचा तुकडा शोधत कुणी बसत नाही. आणि दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून आपल्या नावाने चढवू नका. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय मूळ प्रशिक्षकाने नंतर केलेली दुरुस्ती तुमच्या प्रतीपर्यंत पोचत नाही.

पावागडाबद्दल वेगळं सांगायला हवं. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे, डोंगरावर जागोजाग संरक्षित वास्तू आहेत आणि कालिकामातेच्या वाटेवर बाराही महिने गर्दी असते. तिथल्या कातळाला भोक पाडून बोल्ट ठोकायचा व्हिडिओ कुणी कितीही चांगला शिकवलेला असो, पावागडच्या कुठल्याही पानावर तो लावू नये. गर्दीच्या वाटेवर सुटणाऱ्या दगडांबद्दलची एक ओळ तिथे जास्त कामाची.

सरावाला कडा लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दोन लहान आणि दोन मोठ्या जोडकड्या आणा, घराच्या खिडकीच्या ग्रिलला कमरेच्या उंचीवर लावा, हार्नेस घाला, पाय फरशीवर. दोन्ही पद्धती आधी व्हिडिओ बघत, मग न बघता, मग हातमोजे घालून करा. प्रत्येक वेळी मूळ गाठ सोडण्याआधी थांबा आणि आता कशावर टांगलेले आहात ते मोठ्याने सांगा. या बाजारी कड्या फक्त सरावाच्या. वजनाचा आकडा आणि मानकाची खूण नसलेली कडी कड्यावर न्यायची नाही, तेव्हा त्यांना रंग लावून वेगळ्या डब्यात ठेवा. आणि वजन टाकून बघायची पायरी घरी नुसती हाताने दोर ओढून करा, ग्रिलवर लटकू नका. ते भिंतीत किती खोल बसवलंय, हे कुणीच पाहिलेलं नसतं.